सतरा नंबरची ओढ

"हॅलो, वेळकुंडी तलाव? पेणहून हर्षला तांडेल बोलतेय. जानेवारीतला दुसरा शनिवार, सतरा नंबर…"

"ठेवलाय ना, वैनी. तुमची जागा दुसऱ्या कोनाला देतो काय? येताना वालाच्या शेंगा घेऊन या तेवढ्या, यंदा आमच्या शेतात कीड पडली."

*

"हॅलो, वेळकुंडी? अहो, फोनवर बुकिंग बंद म्हणजे काय?"

"आता नेटवर असतं, वैनी. सकाळी दहाला उघडतंय."

"मी दहाला बसलेच होते!"

"हां, पन मग दहा वाजून गेले असतील ना."

*

"हॅलो, वेळकुंडी?"

"नमस्कार. आपली ओढ आमच्यासाठी मोलाची आहे. ओढ मोजून घेण्यासाठी एक दाबा."

*

हे तीन फोन एका दमात वाचून होतात, पण त्यांच्या मधल्या फटींतून हर्षलाचं अख्खं तारुण्य निघून गेलं. पहिला फोन केला तेव्हा तिची रेवा चार वर्षांची होती. तिसरा केला तेव्हा रेवा नाशिकला नोकरीला होती, हर्षला शाळेतून निवृत्त झाली होती आणि तिचा नवरा तुषार वीजमंडळातून सुटून दिवसभर घरातल्या पंख्यांचे आवाज ऐकत बसत होता.

वेळकुंडीच्या काठाला तंबूंच्या चाळीसेक जागा. सतरा नंबर सगळ्यांत टोकाला, जिथे जमिनीची एक जीभ पाण्यात गेलेली आहे. वर वाकलेला करंज, खाली मऊ माती, शेजारी कुणी नाही. थंडीत तिथे जायचं ते पोपटीसाठी. रायगडबाहेरच्या माणसाला पोपटी म्हटलं की पक्षी आठवतो, म्हणून सांगायचं: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, परत पाला. मडकं उपडं घालायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडालं की समजायचं, झालं. झालं की नाही यावर तांडेल नवरा-बायकोचं दरवर्षी भांडण व्हायचं, आणि त्या भांडणाशिवाय पोपटीला चव नाही असं रेवाचं मत होतं.

एके वर्षी मडकं तडकलं. एका माकडाने गरम अंडं पळवलं आणि या हातातून त्या हातात उडवत करंजावर नेलं. ही माकडाची गोष्ट हर्षलाने चौथी-अ मध्ये सांगितली, चौथी-ब मध्ये सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली, दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितली. तुषार बाजूला बसून म्हणायचा, "डास सांग. मुंग्या सांग. माझी कंबर चार दिवस धरली होती ते सांग."

मग माणसं वाढली, जागा चाळीसच राहिल्या. बुकिंग उघडायच्या क्षणी कुणाकुणाच्या संगणकातले दलाल डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या जागा घेऊन टाकायला लागले. त्यावर उपाय म्हणून सोडत आली. सोडतीत नाव लागलेले लोक फिरकायचेच नाहीत, तंबू रिकामे आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग. तेव्हा वेळकुंडीच्या सहकारी संस्थेच्या सभेत एक म्हातारे सभासद वैतागून म्हणाले, "ज्याला खरीच यायची ओढ आहे त्याला द्या ना रे जागा!"

सगळे हसले. पण ओढ मोजायचं यंत्र तोवर निघालेलं होतं.

मशीन काय मोजतं

ते यंत्र मुळात तंबूंसाठी नव्हतंच. विसराळूपणाच्या आजाराने ज्यांची वाचा गेली, त्या म्हाताऱ्यांना काय हवंय हे कळावं म्हणून एका प्रयोगशाळेने ते केलं. तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं की ओढीच्या जागेचा वास किंवा आवाज आला की माणसाला कळायच्या आत त्याच्या अंगाला कळतं. डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. काळीज एक ठोका रेंगाळतं, मग दोन घाईने घेतं. तळव्याच्या कातडीवरून वीज जरा मोकळी वाहते. आणि मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, जिथे जागांचे नकाशे साठवलेले असतात तो भाग, आणि काहीतरी छान मिळणार म्हणून वाट बघणारा भाग, हे दोन एका तालावर धडधडायला लागतात. कपाळावरची पट्टी तो ताल ऐकते. त्याचा आकडा म्हणजे ओढांक, शंभरापैकी.

ओढ म्हणजे आठवण नव्हे. आठवण असली म्हणजे ती जागा डोक्यात आहे. ओढ असली म्हणजे अंग तिकडे निघालेलं आहे.

तोंडाने कितीही सांगा, यंत्र तोंडाचं ऐकत नाही. त्यामुळे दलाल एका रात्रीत बेकार झाले. जोडप्याने अर्ज केला तर दोघांपैकी एकाचा तरी आकडा ऐंशीच्या वर हवा. जागा लागली की ती स्वीकारण्याआधी दोघांची पुन्हा एकदा तपासणी. ही दुसरी तपासणी का, तर पनवेलला 'ओढवर्ग' निघाले होते. 'आठवणी ताज्या करून मिळतील, निकालाची हमी नाही' अशी तिथली पाटी, आणि तिथे चढवलेला आकडा थोडे दिवसच टिकायचा.

दोन मिनिटं

पेणला एसटी स्टँडसमोर पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथेच आता ओढ केंद्र. श्रावणी नावाची मुलगी ते चालवायची. ती हर्षलाची विद्यार्थिनी होती, त्यामुळे पट्टी बांधतानाही तिचा हात जरा भीतभीतच होता.

दोन मिनिटांत वेळकुंडीचा एक पूर्ण दिवस ऐकवतात आणि हुंगवतात. फाटकाची कर्रकर्र. तंबूची चेन. पेंढ्याचा धूर, मग पाल्याचा तो उग्र, हिरवा, तोंडाला पाणी आणणारा वास. कुणाचं तरी हसणं. रातकिडे. शेवटी पहाट.

हर्षला पट्टी सोडवतानाच बोलायला लागली. "अगं, माकडाचा आवाज नाही घातलात का? एकदा काय झालं…"

"बाई," श्रावणी म्हणाली, "एकवीस आलाय."

"एक्क्याण्णव?"

"एकवीस."

"परत घे."

परत एकवीस. हर्षलाने आयुष्यात कुठल्या परीक्षेत एवढे कमी गुण पाहिले नव्हते, स्वतःचे तर नाहीच. बाहेर बाकावर तुषार वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. त्याला आत बोलावलं. "माझं कशाला? मला तिथले डास तेवढे आठवतात," असं म्हणत तो बसला, डोळे मिटले, आणि झोपला की काय असं दोघींना वाटलं.

त्र्याण्णव.

"काका, या महिन्यात जिल्ह्यात एवढा कुणाचाच नाही आला!"

"मशीन बिघडलंय," तुषार म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

पडद्यावर दोघांच्या रेषा होत्या. हर्षलाच्या रेषेला जिकडेतिकडे लहान टेकाडं होती, तंबूच्या चेनीला एक, वासाला एक, हसण्याला एक. तुषारची रेषा पोपटीच्या वासालासुद्धा सपाट. आणि अगदी शेवटी, जिथे सगळं संपत आलेलं, तिथे एकच सुळका सरळ वर गेलेला.

"शेवटी काय असतं गं?" हर्षलाने विचारलं.

"काहीच नाही, बाई. पहाट. नुसतं पाणी काठाला लागत असतं. बरेच जण तोवर पट्टी सोडायला लागतात."

पंखा

घरी आल्यावर हर्षलाने पंखा लावला. तुषारने तो बंद केला. तिने पुन्हा लावला.

"पाण्यात तुला कोण दिसतं?"

"मासे."

"तुषार."

"अगं, काय तुषार? मशीन आहे ते. तुझं साखर मोजायचं यंत्र कमी-जास्त दाखवतं तसं."

"एका वर्षी तुमच्या ऑफिसातली ती गोखलेबाई आली होती. पहाटे पोहायला उतरली होती म्हणे."

तुषार एवढा हसला की त्याला ठसका लागला. "गोखलेबाई! अगं, ती गुडघाभर पाण्यात ओरडत होती, 'तांडेल, मला बाहेर काढा.' तिची ओढ लागायला काळीज दगडाचं पाहिजे."

"मग कशाची?"

तो हसायचा थांबला. "माहीत नाही," म्हणाला, आणि हे खोटं आहे हे कळायला तिला पट्टीची गरज नव्हती.

तिने रेवाला फोन लावला.

"आई, बाबांना त्र्याण्णव? बाबांना? जे तंबूत मुंग्या मोजत बसायचे त्यांना?"

"आणि मला एकवीस."

मग रेवा म्हणाली, "आई, आकडाच तो." हे तिने इतक्या हळुवारपणे म्हटलं की हर्षलाला जास्तच लागलं.

नापास झाल्याचं दुःख नव्हतं ते. तिला वाटायचं, म्हातारपणी दात जातील, डोळे जातील, पण वेळकुंडी आपल्याकडे आहे. आता कळलं की कपाट उघडून बघावं तर आत साडीची नुसती घडी, साडीच नाही. तिला पुन्हा तिथे जायचं होतं. जाऊन ते परत मिळवायचं होतं. आणि तिथे जायची एकच वाट होती, तुषारचा आकडा.

तरी तिने स्वतःचा आकडा वाढवून बघायचा ठरवला. शिक्षिकाच ती.

पाढे

सकाळी उठून: करंज कुठल्या बाजूला? डाव्या. फाटकापासून किती वळणं? तीन. मडकं कुणाकडचं? वडगावच्या कुंभाराकडचं. रेवाच्या स्वेटरचा रंग? पिवळा. परत म्हणा. करंज कुठल्या बाजूला?

दुपारी भांडी घासताना: करंज, तीन वळणं, पिवळा.

संध्याकाळी बागेत मैत्रिणींना सगळं साग्रसंगीत, माकडासकट.

आठवड्याने आकडा चौदा. आणखी आठवड्याने नऊ.

"बाई, अभ्यास नका ना करू," श्रावणी काकुळतीला येऊन म्हणाली.

करंज कुठल्या बाजूला? डाव्या. पण डाव्या म्हणताना आता करंज दिसत नव्हता, फक्त 'डाव्या' हा शब्द दिसत होता, फळ्यावर लिहिल्यासारखा. रेवाचा स्वेटर पिव

पिवळा होता की पिवळा म्हणायची सवय झाली होती?

याला शास्त्रात कारण आहे, आणि गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणच्या माणसाला ते समजायला सोपं आहे. आठवण म्हणजे भाजलेली मूर्ती नव्हे, शाडूची. कपाटात असते तोवर घट्ट, कोरडी. आपण ती आठवायला म्हणून हातात घेतली की मेंदू तिला ओली करतो. पेशींचे जे धागे तिला धरून असतात ते काही तास सैल पडतात आणि मग पुन्हा आवळले जातात. त्या मधल्या वेळात आपल्या बोटांचे ठसे तिच्यावर उमटतात. सांगायला घेतली की आणखीच: ऐकणारा हसला तिथे आपण जरा जास्त दाबतो, तो कंटाळला तो भाग कापून टाकतो. शंभरदा सांगितलेली गोष्ट छान गुळगुळीत होते, कुणाच्याही हातात देता येते. पण तिच्यावर आता मूळचे नाक-डोळे नसतात, सांगणाऱ्याच्या अंगठ्याची गोलाई तेवढी असते. वास गेला, थंडी गेली, शब्द राहिले. आणि शब्दांना ओढ लागत नाही.

जो बोलतच नाही, त्याची मूर्ती कपाटात जशीच्या तशी.

जागा लागली, आणि भांडण

"तुषार, लागली! सतरा नंबर, जानेवारीतला दुसरा शनिवार! तुझ्या नावावर!"

"सोडून दे."

"काय?"

"नको म्हणून कळव. मी नाही येणार."

"अरे, लोक जीव टाकतात त्या जागेसाठी!"

"म्हणूनच. टाकू देत."

"डास चावतात म्हणून?"

"हर्षू, बंडू पाटकरला भेटलीस का हल्ली? गेल्या वर्षी त्याला नव्वद आला होता. नाचत गेला वेळकुंडीला. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं? म्हणे, छान होतं, शौचालयं स्वच्छ आहेत. एवढंच. पूर्वी वेळकुंडी म्हटलं की त्याचा चेहरा कसा व्हायचा! आता दिवा गेलेला. त्याने परत मोजून घेतलं, तर बारा."

"त्याचं त्याच्यापाशी."

"त्याचं नाही, सगळ्यांचंच. जाऊन आलं की नवीन जुन्यावर बसतं. आणि तिथं आता आहे काय? ज्याला जुनं आठवतं त्यालाच जागा. पोरांना जुनं असतंय का काही? पोरंबाळंवाल्यांचा आकडा पंचविसाच्या वर जात नाही. चाळीस तंबू आणि चाळीस तंबूंत आपल्यासारखे गुडघे धरून बसलेले. 'पूर्वी इथं किती मजा यायची' असं एकमेकांना सांगतात आणि नऊला झोपतात. ज्येष्ठ नागरिक संघ आहे तो, फक्त चटईवर."

"मला तेही चालेल."

"मला नाही चालणार. माझ्याकडे एवढं एकच आहे गं."

"आणि माझ्याकडे तेवढंही नाही!"

तुषारने उठून पंखा लावला. उकडत नव्हतं.

बिरडं

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दुपारी हर्षला जेवणाच्या टेबलाशी बिरडं सोलत बसली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, एकेक दाणा बोटांत दाबायचा, साल इकडे, डाळिंबी तिकडे. तिने ठरवून टाकलं होतं. उद्या केंद्रात जाऊन जागा सोडायची. ज्याच्याकडे आहे त्याच्याजवळ तरी राहू दे. हे तिने तुषारला सांगितलं नव्हतं, आणि एखादी गोष्ट न सांगता ठेवायची तिला सवय नसल्यामुळे तिची बोटं नेहमीपेक्षा जोरात चालली होती.

तुषार समोर येऊन बसला. त्यानेही मूठभर वाल ओढून घेतले. त्याला नीट सोलता येत नाहीत, निम्मे मोडतात.

"माकडाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट," तो म्हणाला.

हर्षलाने मान वर केली.

"मडकं तडकलं, ओरडाआरडा झाला, सगळे हसून हसून झोपले. मला थंडीने जाग आली. बघतो तर तू तंबूत नाहीस. रेवा माझ्या पोटावर पाय टाकून झोपलेली. तंबूची चेन अर्धी उघडी होती, त्यातून तू दिसलीस."

"तुषार, थांब. सांगू नकोस. सांगितलंस की जाईल."

"साली इकडे टाकायच्या ना?"

"तुषार!"

"तू काठावर बसली होतीस. पाय पाण्यात. शालीचं एक टोक भिजत होतं, ते तुला कळत नव्हतं. तडकलेल्या मडक्याचा अर्धा तुकडा मांडीवर घेतला होतास आणि त्यातल्या करपलेल्या शेंगा खात होतीस. थंडगार झालेल्या. एकेक सोलायचीस, दाणे तोंडात, साल पाण्यात. परत एक. साल तरंगत थोडी लांब जायची, तू तिच्याकडे बघायचीस."

त्याच्या बोटांत एक दाणा मोडला.

"तुला लग्नाच्या आधीपासून ओळखतो मी. तू झोपेतसुद्धा बोलतेस. त्या दिवशी तू गप्प होतीस. रागावून नव्हे, रडून नव्हे. अशीच गप्प. मला वाटलं, ही आपल्याला माहीतच नसलेली बाई आहे. उठून यावंसं वाटत होतं. पण उठलो असतो तर रेवा उठली असती, आणि रेवा उठली असती तर तू वळून बोलायला लागली असतीस. म्हणून पडून राहिलो. पोटावर ते पोरीचं गरम पाऊल आणि समोर तू. मग उजाडलं. झालं. एवढंच आहे."

"कधी बोलला नाहीस."

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? माकड नाही, काही नाही."

हर्षलाने पुढचा दाणा उचलला आणि तो तिच्या बोटांत तसाच राहिला. कारण घोट्यांना गार लागलं. खरंच लागलं, टेबलाखाली, पेणच्या फरशीवर. करपलेल्या शेंगेचा कडवट, धुरकट दाणा जिभेवर आला. शालीचं ओलं टोक पोटरीला चिकटलं होतं. ती तिथे काय विचार करत होती? तिने आठवून पाहिलं, आणि आठवलं की काहीच करत नव्हती. सांगण्यासारखं काहीही घडत नव्हतं. म्हणून तर तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, चौथी-अ ला नाही, स्वतःलासुद्धा नाही. पाणी काठाला लागत होतं. पाठीमागे तंबूत आपली दोन माणसं आहेत हे वळून न बघता पाठीला कळत होतं.

तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

तुषार उठला, हात धुतले आणि म्हणाला, "आता जरा बरं वाटतंय. मोकळं." पण तो स्वतःच जरा गोंधळल्यासारखा दिसला. खिशात नेहमी असणारी किल्ली चाचपून बघावी आणि हाताला काही लागू नये, तसा.

दुसरी तपासणी

"काका, अडतीस," श्रावणी म्हणाली. तिचा चेहरा पडला. "काय झालं? घरी काही झालं का?"

"मी म्हटलंच होतं, मशीन बिघडलंय."

त्याची रेषा शेवटपर्यंत सपाट होती. टोकाला एक उंचवटा होता, बाकीच्यांना असतात तसा. हर्षला त्या उंचवट्याकडे बघत राहिली. सुळका कुठे गेला हे या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं.

"बाई, तुमची राहिली," श्रावणी ओशाळून म्हणाली. "नियम म्हणून फक्त. घ्यायची का?"

पट्टी बांधली. फाटक कर्रकर्रलं. चेन. धूर. पाल्याचा वास. हसणं. रातकिडे. हर्षला एवढी स्थिर बसली होती की श्रावणीने दोनदा वाकून पाहिलं. मग पहाट झाली, आणि पाणी

श्रावणीने पट्टी सोडवली आणि आकडा पुन्हा एकदा वाचला. "बाई. एक्क्याण्णव. या वेळी खरंच एक्क्याण्णव. काय आठवलं एवढं?"

तुषारने पडद्याकडे पाहिलं. रेषा, आणि शेवटी तो सुळका. त्याने तो ओळखला. हर्षलाकडे बघून तो हळूच हसला, आपण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर शोभून दिसली की माणूस हसतो तसं.

पडद्यावर दोन चौकटी उमटल्या. स्वीकार. सोडा.

"दाब की," तुषार म्हणाला. त्याचा आवाज एकदम तरुण झाला होता. "आता मला कसली भीती? माझं गेलं ते गेलं. आता मला बघायचंय ते. मडकं वडगावहूनच आणू. रेवालाही बोलावू. दाब."

आणि हर्षलाचा हात पुढे जाईना.

जाऊन आलं की नवीन जुन्यावर बसतं. तिथे आता स्वच्छ शौचालयं असतील आणि गुडघे धरून बसलेली माणसं. चाळिसातल्या एका तंबूपुढे ती स्वतः, साठीची, पायमोजे घातलेली. ते गार पाणी, तो कडवट दाणा, पाठीला कळलेली ती दोन माणसं, हे सगळं तिला काल दुपारी मिळालं होतं. अजून चोवीस तासही झाले नव्हते. इतकी वर्षं ती ज्याला हट्ट म्हणायची, डासांची कुरकुर म्हणायची, त्याच्या आत तुषार काय जपत होता हे तिला आता पहिल्यांदा कळलं. आणि त्याने ते काल, मोडक्या वालाबरोबर, कसं देऊन टाकलं हेही.

"बाई, वेळ संपत येतोय," श्रावणी म्हणाली. "सोडायची का?"

तुषार पडद्याकडे असा बघत होता, जसं एखादं पोर फाटकातून आत बघतं.

हर्षलाने 'स्वीकार' दाबलं. पटकन, मन मागे फिरायच्या आत.

बाहेर आल्यावर तुषारचा फोन वाजला. रेवा. तो फोनमध्ये ओरडलाच, "मिळाली! तुझ्या आईच्या आकड्यावर! एक्क्याण्णव! हो, आईच्या! तिलाच विचार काय आठवलं ते…" त्याने फोन पुढे केला. हर्षलाने मान हलवून तो परत त्याच्याकडे ढकलला.

बाजारातून जाताना तो एकसारखा बोलत होता. भांबुर्डा आता मिळतो कुठे, पेंढा आपणच न्यावा की तिथे मिळेल, कंबरेचा पट्टा घ्यायला विसरायचं नाही, आणि मडक्यावर पाणी कधी शिंपडायचं ते यंदा तो ठरवणार, ती नाही. हर्षला त्याच्या अर्धं पाऊल मागे होती. तोंडात पाण्याची चूळ धरून चालावं तशी, ओठ घट्ट मिटून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून जरा अंग चोरून. जानेवारीला अजून दीड महिना होता. तेवढे दिवस तरी ते तिचं होतं.

भाजीवाल्यापाशी तो वळला आणि थबकला. "काय गं? बरं नाही का तुला? बोलत का नाहीस?"

"तू बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय."